बहात्तर खुंट्या

आमिनाबी मला आवडत न्हाई. आधीच सांगून ठेवतो, म्हंजे पुढं कुणी म्हणायला नको की उत्तरेश्वर मास्तरानं बाईची आरती ओवाळली.

केजला बसस्टँडच्या मागं, सायकलवाला आणि चपलावाला ह्यांच्या मधी तिचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान हाय. पेटी म्हंजे आपली बाजाची पेटी, भजनातली. दुकान कसलं, खोपटं. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं. आणि बोलून तरी काय मिळायचं? तुमी नमस्कार म्हणा, ती म्हणणार, "पेटी ठेवा." तुमी विचारा, कधी मिळंल, ती म्हणणार, "झाली की मिळंल." पन्नाशीची बाई, ओढणी कमरेला खोचलेली, तोंडात सुपारी, आणि कपाळाला बारा महिने आठी.

एकदा एका पुढाऱ्याच्या भजनी मंडळाची पेटी आली. सप्त्यात पावसात भिजलेली, आतल्या कातड्याला बुरशी. हिनं उघडली, बघितली, बंद केली आणि परत दिली. "जनावर बी असं भिजू देत न्हाईत. न्या." पुढाऱ्याचा माणूस ओरडला, दुकान उठवतो म्हणाला. ही म्हणाली, "उठवा. हातोडी तेवढी जपून उचला, बापाची हाय."

बाप म्हंजे जलालुद्दीन मिस्त्री. तो मात्र सोन्यासारखा माणूस. जवानीत हैदराबादला एका बाजाच्या दुकानात पाच वर्षं राहून आलेला, तिथं पियानोसुद्धा उघडलेले. त्याला मुलगा न्हाई, म्हणून हातातली कला पोरीच्या हातात दिली. पोरीचं लग्न तलवाड्याला एका फळवाल्याशी झालं आणि दोन वर्षांत ती परत आली. का आली, कुणाला ठाऊक न्हाई. एका म्हातारीनं विचारायची हिंमत केली तर हिनं उत्तर दिलं, "फळं सडत होती." झालं. त्यानंतर केजात कुणी विचारलं न्हाई.

ह्या बापलेकीचा एक रिवाज होता. काम झालं की बाजाच्या आत, कुणाला दिसणार न्हाई अशा जागी, पेन्सिलीनं नाव लिहायचं. आमच्या नांदूरघाटच्या विठ्ठलाच्या देवळातल्या पेटीत आजबी आहे: जलालुद्दीन, केज, आणि साल. आणि काम फसलं तर आपल्याच हातानं ते नाव पुसायचं. दुसऱ्यानं पुसायचं न्हाई, ज्याचं नाव त्यानंच पुसायचं. मिस्त्रीनं उभ्या आयुष्यात दोनदा पुसलं म्हणतात. पोरीनं एकदाबी न्हाई. हे ती सांगायची न्हाई, पण तिच्या मानेवरून कळायचं.

आता माझं आणि तिचं कुठं फाटलं ते सांगतो. मिस्त्री गेला त्या सालची गोष्ट, चौदा वर्षं झाली. मी माझी पेटी हिच्याकडं टाकली. घरी आणून वाजवली तर काळी चारचा सूर मला खटकायला लागला. दुकानात गेलो. चार माणसं उभी होती. मी म्हणलो, "मिस्त्रीची गोष्ट वेगळी होती. बाईच्या हाताचं काम न्हाई हे." आता एवढं बोलायला नको होतं, कबूल. पण हिनं काय करावं? पेटी घेतली, तोच सूर दाबून धरला, माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पेटी ठीक हाय मास्तर. तुमचा कान उतरलाय."

वीस वर्षं संगीत शिकवणाऱ्या माणसाला! ते वाक्य माझ्या आधी एसटीनं नांदूरघाटला पोचलं. वर्गात फळ्यावर लिहून ठेवलेलं सापडायचं. लग्नाच्या पंगतीत पाव्हणे विचारायचे, काय मास्तर, कान चढला का? चौदा वर्षं ते कुसळ माझ्या डोळ्यात होतं. तिला धूळ चारायची एक संधी मला पाहिजे होती, आणि ती पियानोच्या रूपानं आली.

पियानो आमच्या शाळेत कसा आला ते बी ऐका. आमचे संस्थेचे अध्यक्ष बंकटराव आठ वर्षांमागं पुण्याला एका जुन्या बंगल्याच्या लिलावाला गेलते. गेलते कपाटं बघायला आणि घेऊन आले पियानो. का? तर जिल्ह्यात कुणाच्या शाळेत न्हाई. हॉलमधी ठेवला, हार घातला, आणि भरसभेत मला म्हणाले, "मास्तर, ह्याला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागला तर तुमची नोकरी गेली." मला आनंद झाला. मी शिकलो, माझ्या माझ्या हिमतीवर. उजव्या हातानं पेटीसारखा वाजवायचा, डाव्या हातानं दोन सूर धरायचे. स्वागतगीत, पसायदान, राष्ट्रगीत. आठ वर्षं डोळ्यात तेल घालून जपला त्याला.

आणि नुसतं डोळ्यात न्हाई घातलं तेल. तीच तर भानगड हाय.

आपल्यात खंडेनवमीला काय करतात? घरातलं जे लोखंड राबतं ते बाहेर काढायचं, पुसायचं, तेल द्यायचं, कुंकू लावायचं. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कोयते, माझ्या बायकोचं, भिवराबाईचं, शिलाई मशीन, सायकल, विळी, अडकित्ता. मग शाळेत माझ्या ताब्यात एवढं मोठं लोखंड उभं, आणि त्याला कोरडं ठेवायचं? पियानोचं वरचं झाकण उघडलं की आत लोखंडी खुंट्यांच्या रांगा दिसतात. सव्वादोनशे खुंट्या, एकेका खुंटीला एकेक तार गुंडाळलेली. मी दर खंडेनवमीला भिवराबाईच्या मशीनची तेलाची कुपी न्यायचो आणि एकेका खुंटीच्या बुडाशी दोन दोन थेंब सोडायचो. मधून सुरुवात करायचो, आपल्या बसायच्या जागेसमोरून. कुपी कडेपर्यंत पुरायचीच न्हाई. मग कुंकू, फूल, आणि एक भूप.

पेटीला ना खुंटी ना तार. मला काय माहीत की पियानोची खुंटी नुसती लाकडाच्या पकडीवर उभी असते? ना आटे, ना खिळा. लाकडाच्या जाड फळीत भोक, भोकात ठोकलेली खुंटी, आणि पाठीमागून तार तिला रात्रंदिवस ओढत असते. लाकडानं धरली तर सूर, सोडली तर बोंब. आणि मी त्या लाकडाला आठ वर्षं तेल पाजत होतो.

गेल्या साली पियानो सुरात राहीना. सकाळी लावला की दुपारी उतरायचा. पुण्याहून माणूस आला. त्यानं किल्ली लावून दहा-बारा खुंट्या फिरवल्या, हसला आणि म्हणाला, तुमच्याकडच्या उन्हानं लाकूड आकसलंय, भोकं सैल झालीत, अख्खी फळी बदलायला लागेल, पियानो पुण्याला पाठवा. बंकटराव म्हणाले, एकदा गेला की परत येत न्हाई, मी लोकांना काय सांगू? तेव्हा आमचा शिपाई नाथा मधीच बोलला, "सायेब, केजची आमिनाबी बघा की. तिच्या बापाला येत होतं." नाथाला कुणी विचारलं होतं का? पण शिपायाचंबी ऐकतात कधी कधी.

ती आली दिवाळीनंतर. निम्मी शाळा तोडीला गेलेली, हॉल रिकामा, वर्गात पाच-पाच पोरं. ती पियानोसमोर उभी राहिली, नमस्कार न्हाई, चमत्कार न्हाई. तीन खुंट्या फिरवून बघितल्या. "तारा सगळ्या काढाव्या लागतील. खुंट्या बी. घरं बरी करते, मग जाड खुंट्या ठोकते आणि नव्या तारा." खुंटीच्या भोकाला ती घर म्हणायची.

बंकटरावांनी विचारलं, "तुला जमंल? पुण्याचा माणूस न्हाई म्हणाला."

"न्हाई जमलं तर नाव पुसीन."

बंकटरावांना त्याचा अर्थ कळला न्हाई. मला कळला. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

काम मात्र तिचं बघण्यासारखं. तोंड सडकं, हात देवाचा. एकेक तार काढली, तिला चिठ्ठी बांधली आणि हॉलच्या भिंतीला ओळीनं टांगली. एकेक खुंटी उपसली आणि एका फळीला भोकं पाडून त्याच क्रमानं रोवून ठेवली. शेजारच्या सायकलवाल्याकडून आणलेल्या स्पोकला लोकर गुंडाळायची, स्पिरिटमधी बुडवायची आणि एकेक घर आतून पुसायचं. मग हातानं फिरवायची कानशी घालून घर जरा खरडायचं, जुनं गुळगुळीत झालेलं लाकूड काढायचं. वर पातळ चपडीचा हात, आपल्या पॉलिशवाल्यांची असते ती. ती लाकडात मुरली की लाकूड पुन्हा पकड घेतं, असं तिचं म्हणणं. सव्वादोनशे घरं, आणि घाई न्हाई. मी खुर्ची टाकून समोर बसायचो. राखणदार म्हणून. आमच्यात दिवसातून चार शब्द व्हायचे, त्यातले दोन "सरका" आणि "उजेड".

तिसऱ्या दिवशी तिनं मधली एक खुंटी काढली, बोटावर फिरवली आणि नाकाला लावली. मग दुसरी. मग लोकर हुंगली. माझ्याकडं वळली.

"मास्तर, ह्याला तेल दिलंय का कुणी?"

त्या घडीला मला सगळं कळलं. तिनं ज्या आवाजात विचारलं त्यावरूनच कळलं, की तेल म्हंजे विष. मला तोंड उघडायचं होतं. अंबाबाईची शपथ, उघडायचं होतं. पण डोळ्यासमोर बंकटराव आले, भरसभेतली ताकीद आली. निवृत्तीला पाच महिने राहिलेले. आणि ह्या सगळ्याच्या वर दुकानातली ती चार माणसं आली, आणि ते वाक्य. हिला सांगू? हिच्या तोंडानं उद्या सगळ्या केज तालुक्यात जाऊ दे, की कान उतरलेल्या मास्तरानं पियानोला मशीनचं तेल पाजलं?

"छे," मी म्हणलो. "मी असताना कुणाची हिंमत हाय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "तेल असंल तर चपडी धरणार न्हाई. घर पुरं पोखरून नवं लाकूड भरावं लागंल. काम वेगळं हाय. म्हणून विचारते."

"न्हाई म्हणलं ना एकदा!"

"बरं," ती म्हणाली.

घरी भिवराबाईला सांगितलं. सांगायला नको होतं. ती मशीनवरून उठलीच. "आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगा. त्या बाईची भाकर हाय त्यात." मी म्हणलो, तू गप. ती म्हणाली, "कुपी माझी हाय, मी सांगू का?" मी ताट सारलं आणि उठलो. तिनं सांगितलं न्हाई, पण त्या दिवसापासून माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं तर तुटलेलंच राहिलं.

आमिनाबीनं माझ्या शब्दावर काम केलं. चपडी दिली, वाळवली, जाड खुंट्या ठोकल्या, नव्या तारा चढवल्या, सूर लावला. आणि झाकणाच्या आत लिहिलं: आमिनाबी जलालुद्दीन, केज. सोमवारी लावलेला सूर गुरुवारी उतरला. ती म्हणाली, नव्या तारा ताणतात, उतरणारच. पुन्हा लावला, पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या तोंडातली सुपारी चावायची थांबली होती. बंकटरावांना म्हणाली, अजून एक महिना वाजवू नका. ते म्हणाले, पत्रिकेत छापलंय, स्नेहसंमेलनाला पियानो वाजणार.

जानेवारीच्या चोवीस तारखेला सकाळी अकराला मंडप भरला. पाहुणे, पालक, पंचक्रोशीतले मुख्याध्यापक. आमिनाबी बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत कडेला. पियानो हॉलमधून स्टेजवर आणून ठेवलेला. मी त्याच्यापुढं बसलो. आता हे सांगतो ते मी भिवराबाईलाबी सांगितलेलं न्हाई. मी हलक्या हातानं वाजवू शकलो असतो. मी मुद्दाम दणकून वाजवला. मधल्या दोन सप्तकांत, जिथं तेल होतं तिथंच, पाट्यावर वाटण घालावं तसा.

स्वागतगीताचं पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात मधला गंधार घसरला, मग पंचम. प्रत्येक सुराच्या तीन तारा, तिन्ही तीन वाटांनी. पोरी गाता गाता एकमेकींकडं बघायला लागल्या, पाहुणे खाली बघायला लागले, आणि मागं कुणीतरी मांजराचा आवाज काढला. सगळा मंडप हसला.

बंकटरावांनी माइक हातात घेतला. "मंडळी, माफ करा. पुण्याचा जाणकार माणूस सांगत होता. पण आमच्या केजच्या एक बाई म्हणाल्या, मी करते! नाचता येईना अंगण वाकडं. पेटीच्या खोपटात बसणाऱ्यांनी पियानोला हात घालू नये, आणि आमी घालू देऊ नये. चूक आमची."

टाळ्या पडल्या, आणि माझा चौदा वर्षांचा घास होता तो. खाल्ला मी. आणि घशाखाली उतरला न्हाई, ते बी सांगतो.

आमिनाबी उठली. मला वाटलं, जाईल. ती पायऱ्या चढून स्टेजवर आली. कुणी अडवलं न्हाई. माझ्या डोक्यावरून हात घालून तिनं झाकण उघडलं. अंगठा जिभेला लावला आणि आतलं नाव पुसलं. सावकाश. बापाच्या नावासकट. काळा झालेला अंगठा ओढणीला पुसला आणि खाली उतरून मधल्या वाटेनं निघून गेली. माझ्याकडं बघितलं न्हाई. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मला वाटलं, मिटलं. चौथ्या दिवशी नाथा धावत आला, "मास्तर, ती आलीय. हॉलमधी."

"कुणी उघडून दिलं?"

"मी," नाथा म्हणाला, आणि मान खाली घातली न्हाई.

मी तरातरा गेलो. तारा उतरवलेल्या, आणि ती गिरमिटानं मधलं एक घर पोखरत होती. मी ओरडलो, "कुणाला विचारून हात लावला? निघ इथून! एवढी शोभा झाली ती पुरली न्हाई का?"

पोखरलेल्या घराचा भुसा तिनं डब्याच्या झाकणावर काढला. कडेच्या एका घराचा भुसा दुसऱ्या झाकणावर. मग काडी ओढली. कडेचा भुसा धुमसला, तांबडा झाला, विझला. मधल्याला काडी लागली आणि तो भडकला, दिव्यासारखा, काजळी धरत. हॉलमधी वास सुटला, माझ्या घरातल्या शिलाई मशीनचा वास.

"दोन्ही कडेची घरं कोरडी हायत," ती म्हणाली. "मधली बहात्तर भिजलेली. ज्यानं तेल दिलं, तो मधी बसतो." मग माझ्याकडं बघितलं. "ह्या शाळेत मधी बसतो कोण, मास्तर?"

मी फुंकर घालून तो जाळ विझवला.

"मी विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं. तुमी सांगितलं असतं तर मी तुमाला बोलले असते, लई बोलले असते, आणि काम केलं असतं. माझ्या बापाचं नाव पुसायला लावलंत तुमी मला. हजार माणसांत."

"अध्यक्षाला सांगणार असशील," मी म्हणलो. एवढंच सुचलं मला. बघा माणूस कसा असतो.

"मला घरं भरायचीत. सरका. न्हाई, सरकू नका, तिथली बॅटरी घ्या आणि उजेड धरा."

आणि मी धरला. अकरा दिवस, शाळेच्या वेळेत, तास बुडवून. ती घर पोखरायची, भिजलेलं लाकूड संपेपर्यंत. कोरडा भुसा आला की थांबायची. मग शिसवाचा गोल खुंट तासायची, सरस लावून ठोकायची, वाळला की त्यात नवं घर पाडायची, खुंटीपेक्षा केसभर लहान. ते शिसव बापाचं होतं, तंबोऱ्यांच्या खुंट्यांसाठी चाळीस वर्षं सुकवत ठेवलेलं. दुकानाच्या माळ्यावर तेवढंच राहिलं होतं. बहात्तर घरांत ते सगळं संपलं. शेवटचा तुकडा तिनं हातात धरून जरा वेळ बघितला आणि तो बी तासला. मी उजेड धरून उभा. तिनं मला एकदाबी बस म्हणलं न्हाई, मी तिला एकदाबी पाणी विचारलं न्हाई. नाथा विचारायचा.

शेवटच्या दिवशी तिनं सूर लावला, मला बाहेर जायला सांगितलं, दहा मिनिटांनी आली आणि पिशवी उचलून चालायला लागली.

पियानो उतरला न्हाई. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिलचं ऊन आलं, पत्रे तडतडायला लागले, आणि खुंटी हलली न्हाई. मी रोज हलक्या हातानं वाजवायचो, वरचं झाकण न उघडता. उघडायची इच्छाच होईना. एक दिवस बंकटराव हॉलवरून जाताना थबकले. "अरे वा! कुणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तुमीच मनावर घेतलं असणार, मास्तर. करून घेतलंत न्हाई का पुण्याच्या माणसाकडून?" मी नुसतं हसलो. हसणं बी खोटंच असतं कधी कधी, तोंड न उघडता बोललेलं.

तीस एप्रिलला माझा निरोप समारंभ. बंकटराव बोलायला उठले. "त्या केजच्या बाईनं वाटोळं केलेला पियानो आपल्या मास्तरांनी उभा केला. जाता जाता शाळेला सूर देऊन गेले!" शाल घातली, नारळ दिला, टाळ्या. मग म्हणाले, आता शेवटचं एकदा वाजवा, जरा मोठ्यानं. मोठ्यानं पाहिजे तर वरचं झाकण उघडावं लागतं. उघडलं.

आत, जिथं तिनं नाव पुसलेलं, त्याच जागेवर दोन ओळी होत्या. ठसठशीत पेन्सिलीनं, तारखेसकट.

माझा अंगठा जिभेला लागला सुद्धा. खोटं न्हाई सांगत. हजार माणसं पाठीमागं, कुणाला दिसत न्हाई, एकदा अंगठा घासला की मी मोकळा. पण दोन ओळी अशा चिकटून लिहिलेल्या, की वरची पुसायची तर खालची बी पुसली जाणार. आणि खालच्या ओळीत तिचं नाव होतं, तिच्या बापाच्या नावासकट. एकदा माझ्या पापापायी तिनं ते स्वतः पुसलं होतं. आता दुसऱ्यांदा मी पुसायला निघालो होतो, शाल पांघरून.

बंकटराव म्हणाले, "काय बघताय मास्तर? वाजवा की."

मला राग आला. कुणाचा, ते आजबी सांगता येत न्हाई. तिचा, बंकटरावांचा, त्या टाळ्यांचा, माझा. मी माइक ओढला आणि धडा वाचल्यासारखं वाचलं:

"खुंट्यांना तेल दिलं, उत्तरेश्वर मास्तर, नांदूरघाट. घरं भरली आणि खुंट्या बसवल्या, आमिनाबी जलालुद्दीन, केज."

आधी कुणाला कळलं न्हाई. मग मी सगळं सांगितलं. खंडेनवमी सांगितली, कुपी सांगितली, तिनं विचारलं आणि मी न्हाई म्हणलो ते सांगितलं. मागून पुन्हा मांजराचा आवाज आला. ह्या वेळी तो माझ्यासाठी होता. बंकटराव म्हणाले, "बसा खाली, मास्तर." मी शाल काढून पियानोवर ठेवली आणि वाजवून मगच उतरलो. एकबी सूर हलला न्हाई. बायकांच्या रांगेत भिवराबाई एकटीच वर बघत होती.

आठ दिवसांनी केजला गेलो. तिला कळलंच असणार, केजला काय कळत न्हाई? दुकानापुढं उभा राहिलो. ती एका पेटीच्या सुराची पितळी पट्टी कानशीनं घासत होती. मान वर केली न्हाई. मी माफी मागायला आलतो, वाक्य पाठ करून. ते निघेना.

तिनंच विचारलं. "दोन्ही ओळी वाचल्या का?"

"वाचल्या."

"माझी पुरी वाचली? बापाच्या नावासकट?"

"वाचली. माइकवर. सगळ्यांनी ऐकली."

तिचा हात थांबला. कानशी तशीच धरून ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली, बापाचा फोटो हाय तिथं. ओठ दाबलेले होते. मला वाटलं आता काहीतरी बोलंल, माणसासारखं.

"मग जावा आता," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

मी निघालो. एवढ्या उन्हात नांदूरघाटहून आलतो, चहा बी विचारला न्हाई बाईनं.